नातसुनेचं वर्क

ता. ९ फेब्रु., सोमवार

नऊला दार लावून घेतलंय ते अजून उघडलं न्हाय. ज्वारी रानात वाळून उभी. शेजारची कमल आणि तिची सून काल दिवसभर आमच्या रानात वाकून गेल्या, आणि आमची नातसून खुर्चीवर. म्हशीला पाणी दाखव म्हणलं तर आतून आवाज, "आजी, मी वर्कला आहे."

वर्कला आहे. जशी काय परगावी गेलीय.

आई भवानी प्रसन्न. रागात वर लिहायचं राहिलं, इथं लिहिलं. तिला चालतं.

नातू गणेशला बार्शीची पोरगी केली तवाच त्या लोकांनी सांगितलं होतं, पल्लवी जॉब करती. आमाला वाटलं लग्न झाल्यावर सुटंल. सुटला न्हाय. संगं घेऊन आली, पाटीएवढ्या कंप्युटरात घालून. पुण्याची कुठली फ्रीजची कंपनी हाय. लोकांचे फ्रीज बिघडले की ते हिला फोन करतात. फ्रीज तिकडं, ही इकडं, येडशीपासून आत तीन कोसावर. कसं काय दुरुस्त होतं देव जाणे.

कमलचा वारंगुळा आता आमच्यावर हाय. तिच्या घरचे दोन माणसं आमच्या रानात आले, आता आमच्या घरचे दोन तिच्या रानात जायला पायजेत. माझी सून मंदा जाईल. दुसरं कोण? माझा लेक दत्तू गव्हाच्या पाण्यावर. गणेश कारखान्यावर. राहिली ती दाराआड.

ता. १०, मंगळवार

वर्क म्हंजे काय ते आज सगळ्यांना विचारलं.

गणेश म्हणला, काम. मग तू कारखान्यात जातो त्याला ड्यूटी का म्हणतो? म्हणला, आजी, ड्यूटी वेगळी, ड्यूटी म्हंजे वेळेला जायाचं आन वेळेला यायचं. मधी काम होतं का, विचारलं. म्हणला, होतं कधी कधी. खरं बोलला म्हणून दुधाची साय दिली.

दत्तू म्हणला, आधी लोक सर्व्हिस म्हणायचे. सर्व्हिस मास्तरला, तलाठ्याला. त्यांच्या गाडीला बी सर्व्हिसच. कारखान्याचा मुकादम माणसांनाच लेबर म्हणतो. लेबर आलं, लेबर गेलं, लेबर पिऊन पडलं.

कमलच्या सुनेच्या ब्लाउजवर वर्क हाय, म्हंजे जरी आणि टिकल्या. विहिरीवरची मोटर वर्क करंना, म्हंजे जळाली. पोरांना शाळेत होमवर्क, ते आईनं करायचं. एका शब्दाला किती जुपलंय. बैल असता तर बसला असता खाली.

आमच्यात बी कमी न्हाईत म्हणा. काम हाय, चाकरी हाय, धंदा हाय. उद्योग हाय, आणि नसते उद्योग हायत. बिगार हाय, सासऱ्यानं निजामाच्या वेळी केलेली. तो सांगायचा, बिगारीला जायाचं तर भाकर बी आपलीच. बाईच्या कामाला तर वेगळंच, राबणं, खपणं, झिजणं. गड्याला कुणी झिजला म्हणत न्हाय, मेल्याबिगर.

माझं माहेर सास्तूर. भूकंप झाला तवा कुठली कुठली माणसं येऊन दगडं उचलत होती. त्याला कोण काय म्हणत होतं आठवत न्हाय. नाव ठेवायला टाइमच नव्हता.

पण खुर्चीत बसून दार लावून होतं, असं काम मला एक बी सापडलं न्हाय.

ता. ११, बुधवार

भांडायला म्हणूनच आत गेले. तिनं ओठावर बोट ठेवलं आणि पलंगावर बस म्हणून खुणावलं. कानाला दोन वाट्या लावलेल्या, तोंडापाशी एक दांडी. बसले. म्हणलं बघू तरी.

समोरचा माणूस इतका ओरडत होता की वाटीतून बाहेर ऐकू येत होतं. आईवर आला. ही म्हणती, हो सर, आपली अडचण समजते सर. फ्रीज त्याचा, बिघडवला कंपनीनं, आणि शिव्या माझ्या घरात. मी उठले होते वाटी ओढायला. तिनं माझा हात धरून ठेवला, बोलणं तसंच चालू.

तो फोन संपला. पाण्याचा तांब्या उचलेपर्यंत दुसरा वाजला. तिनं तांब्या ठेवला, हिरवं बटण दाबलं, "नमस्कार, मी पल्लवी बोलतेय." आवाज धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ. माझ्या एवढ्यात कुणाच्या तरी सात पिढ्या काढून झाल्या असत्या.

तिला परसाकडं जायाचं तरी टाइम ठरलेला. दुष्काळात मी रस्त्याच्या कामावर खडी फोडलीय. मुकादम लई खवीस होता. पण बाभळीमागं कोण गेलं, किती वेळ गेलं, हे तो बी मोजत नव्हता.

हे बी राबणंच हाय. तिला बोलून दाखवलं न्हाय. म्हशीला पाणी मीच दाखवलं.

ता. १२, गुरुवार

जेवताना दत्तूनं काढलंच. कमलकडं जायला माणूस न्हाय, गावात तोंड कसं दाखवायचं, सोडून दे म्हणावं ते. सुनेशी सरळ बोलत न्हाय तो, भिंतीशी बोलतो. मंदा भाकरी थापत राहिली. गणेशनं ताटात मान घातली ती काढली न्हाय.

पल्लवी म्हणली, सहा महिने कच्चं असतं. ते ह्या महिन्याअखेर संपतात. एक चूक झाली न्हाय तर पक्कं होतं. दत्तू म्हणला, पक्कं होऊन काय करायचंय?

"मामा, मला ते करायचंय."

एवढंच म्हणली. रडली न्हाय, ताट सोडून उठली न्हाय. शेवटचा घास खाऊन मग उठली. मला रडून मागणारी माणसं आवडत न्हाईत. ही बरी.

म्हणलं, तिच्या जागी वारंगुळ्याला मी जाते. दत्तू म्हणला, माय, तुझं वय काय? म्हणलं, माझं वय तू जन्मायच्या आधीपासनं मला ठाऊक हाय. भाकर खा.

ता. १३, शुक्रवार

कमलच्या रानात. दिवस उगवायला गेलो, मी आणि मंदा.

कमल म्हणली, "काकू, सुनेनं पाठवलं का नातसुनेनं हाकललं?" म्हणलं, तुला ज्वारी उपटून पायजे का बातमी? हसली. मला पेंढ्या बांधायला बसवलं. उपटू दिलं न्हाय. तिच्या जिभेला हाड न्हाय पण मनात पाप न्हाय.

वारंगुळ्यात हे बरं असतं. कोण आलं ते बघत न्हाईत. लेक बाळंत झाली तर आई जाती, आई आजारी तर जाऊ जाती. घरातलं माणूस आलं, पात म्हंजे त्याच्या वाट्याची ओळ रिकामी राहिली न्हाय, की फिटलं. माझी सारी हयात असंच गेलं. माझ्या बाळंतपणात माझी पात सासूनं धरली, तिच्या आजारपणात मी धरली. तुझी माझी कुणी केली न्हाय.

कंबर गेली. पेन धरवत न्हाय.

ता. १४, शनिवार

पल्लवीला सुट्टी, तिला शनिवारीच असती. कंबरेला तेल चोळून दिलं. हात लहान पण जोर हाय.

विचारलं, जॉब आणि वर्क एकच का? विचार करून म्हणली, जॉब म्हणजे जागा. वर्क म्हणजे त्या जागेवर बसून करतो ते. म्हणलं, म्हंजे पात आणि पातीवरचं माणूस. म्हणली, तसंच काहीतरी. मग म्हणली, आजी, कमलमावशीकडं माझ्याऐवजी गेलात. म्हणलं, त्यात काय, खाली चोळ, माकडहाडापाशी.

ता. १५

म्हाशिवरात्र. रामलिंगाला गेले न्हाय, कंबर. घरूनच.

ता. १६, सोमवार

आज लई झालं. नीट लिहिते.

अकराच्या सुमाराला मंदा गंजीतनं कडबा ओढत होती. विंचू. हाताला. कोपरापर्यंत कळ चढली, घाम फुटला तिला. दत्तू रानात, गणेश ड्यूटीवर. म्या दार वाजवलं. पल्लवी कानातल्या वाट्या पलंगावर टाकून तशीच धावली. मंदाला स्कूटीवर मागं बसवलं, ओढणीनं तिला स्वतःला बांधून घेतलं आणि सुटली दवाखान्याला. चपला बी न्हाईत पायात.

घरात मी एकटी. आणि आत फोन वाजायला लागला.

वाजला, थांबला. परत वाजला. खुर्ची रिकामी. एक चूक झाली न्हाय तर पक्कं होतं, असं म्हणली होती. ही पात रिकामी राहिली तर चूक कुणाची धरतील? हिचीच.

हात धुतले. पदर खोचला. बसले. हिरवं बटण ठाऊक होतं.

पहिल्यालाच सांगितलं, "नमस्कार. पल्लवी दवाखान्यात गेलीय, तिच्या जागी तिची आजेसासू बोलतीय." तो बाप्या म्हणला, फ्रीजला बर्फ लई धरतंय. म्हणलं, दार नीट लागतं का? म्हणला, रबर सैल झालंय. म्हणलं मग तुलाच ठाऊक हाय की, माणूस पाठवायला सांगते. दुसरी बाई ओरडायला लागली. तिला म्हणलं, बाई, फ्रीज बिघडलाय, मी न्हाय बिघडले, हळू बोल. हळू बोलली. तिसऱ्यानं फोनच ठेवला.

चौथा म्हातारा माणूस. आवाज थरथर. बायकोची साखरेची इंजेक्शनं फ्रीजमधी असतात, आणि फ्रीज तीन दिवस बंद. रोज फोन करतो म्हणला, रोज उद्या म्हणतात. त्याला सांगितलं, पाण्याचा माठ असंल तर आत एक कोरडा डबा तरंगत ठेवा, डब्यात औषध, माठाला ओलं फडकं. आणि डाक्टरला आधी विचारा, माझ्यावर राहू नका. नाव, गाव, नंबर, सगळं विचारून घेतलं. कंप्युटरात कसं घालायचं मला येत न्हाय. म्हणून ह्या वहीत लिहिलं:

(इथं लिहिलं होतं. बुधवारी खोडलं. का ते पुढं.)

आणखी तिघा-चौघांनंतर पल्लवी आली. मंदाला बरं हाय, इंजेक्शन दिलं, हात बधिर. मला खुर्चीत बघून ती दारातच थांबली. मला वाटलं, हसंल. तोंड पांढरं पडलं तिचं.

म्हणलं, पात रिकामी ठेवली न्हाय मी.

वाट्या माझ्या कानातनं हळूच काढून घेतल्या.

ता. १७, मंगळवार

कंप्युटर तिचं नाव घेईना. नाव घालती, नकार. परत घालती, नकार. वरनं बंद केलंय म्हणली. सगळे फोन तिकडं टेप होतात. माझे बी झाले.

जेवली न्हाय. म्या बी न्हाय. मंदानं एका हातानं भाकरी केल्या, त्या तशाच.

दत्तू म्हणला, बरं झालं, सुटली ब्याद. त्याला अंगणात काढला.

ता. १८, बुधवार

तिच्या मॅडमचा फोन. टीमची मोठी. आवाजावरनं तिशीची असंल. पल्लवीनं मोबाईल मोठ्यानं लावून कट्ट्यावर ठेवला, आमी सगळे भोवती. मॅडम म्हणली, सोमवारी तुझ्या नावानं कोण बोलत होतं?

दत्तू हातानं खुणा करतो, लाइट गेली म्हण, लाइट गेली. गणेश म्हणतो, ठाऊक न्हाय म्हण. पल्लवीनं मोबाईलकडं वाकून तोंड उघडलं.

म्हणलं, "मी होते. तिला विचारू नका, तिला ठाऊकच नव्हतं."

मॅडमला सगळं सांगितलं. विंचू सांगितला. वारंगुळा सांगितला, आमच्यात जागा रिकामी ठेवत न्हाईत, घरचं माणूस घरच्या माणसाच्या जागी उभं राहतं. ऐकून घेतलं तिनं, मधी तोडलं न्हाय. मग म्हणली, "आजी, शेतात चालत असेल. इथं लोक आपलं नाव, पत्ता, नंबर पल्लवीला सांगतात. ते दुसऱ्या कुणाला कळता कामा नये. तिनं सही केलीय तशी."

हे मात्र मला लागलं. वही माझ्या मांडीवरच होती. त्यात त्या म्हाताऱ्याचं सगळं लिहिलेलं. कुणाच्या रानातलं कणीस मी कधी मोडलं न्हाय, आणि एका माणसाचं घरदार उचलून आणलं होतं, चांगलं करते म्हणून.

म्हणलं, मॅडम, चुकलं. पण मला काय बोलायचं ते नंतर बोला, आधी पेन घ्या. त्या माणसाच्या बायकोचं औषध खराब होतंय, तीन दिवसाचं आता पाच झालं. म्या वाचलं, तिनं लिहून घेतलं. परत वाचून दाखव म्हणलं. दाखवलं. मग तिच्यादेखत, म्हंजे तिला ऐकू जाईल असं, खोडलं. पेन दाबून. मागचं पान बी फाटलं.

मॅडम म्हणली, माझ्या हातात न्हाय, वरच्या सरांपुढं ठेवते. शुक्रवारी सकाळी अकराला ते फोन करतील.

ता. १९, गुरुवार

पल्लवी सकाळी मंदाची जुनी साडी नेसून कमलच्या रानात गेली. एका माणसाचा एक दिवस अजून फेडायचा होता आणि मंदाचा हात सुजलेला, म्हणून ती पात हिची. कुणी जा म्हणलं नव्हतं. दुपारी भाकर द्यायला गेले. बांधावर बसलो. तळहाताला फोड, दोन फुटलेले. दाखवत नव्हती, भाकर मोडताना दिसले.

म्हणलं, उद्या त्या सराला मी नीट सांगते. हात जोडते. म्हातारीचं ऐकतील.

तिनं भाकर खाली ठेवली.

"आजी, तुम्ही माझ्यासाठी इथं आलात, ते मी जन्मभर विसरणार न्हाय. पण ते काम घराचं होतं. हे माझं होतं. काल बी मॅडमनं मला विचारलं आणि बोललात तुम्ही."

आधी राग आला. म्हणणार होते, तुला वाचवायला बोलले. मग आठवलं, मॅडमनं विचारलं तवा तिनं तोंड उघडलं होतं. मी आधी बोलले म्हणून मिटलं. ती खोटं बोलणार होती का खरं, हे मला आजतागायत ठाऊक न्हाय. मी बघितलंच न्हाय.

काय म्हणायची होतीस, विचारलं. म्हणली, ते उद्या.

आणि उठून पातीला लागली. कमल लांबनं बघत होती. मला म्हणली, काकू, पोरगी उपटती बरी, पण मुळाची माती झाडत न्हाय. म्हणलं, तुझी ज्वारी हाय, तू झाड.

येताना वाटेनं सगळे शब्द परत आठवले, काम, चाकरी, ड्यूटी, सर्व्हिस, जॉब. दहा शब्द शोधले म्या. पण ह्यातलं बदली माणसानं करता येत न्हाय ते कोणतं, हे एकाला बी विचारलं नव्हतं.

घरी आले तर दत्तू आणि गणेश ठरवत बसलेले. दत्तू म्हणणार, आमच्या घरच्यांनाच नको हाय, तुमी कशाला काढता, आमीच काढतो. म्हंजे मान राहील. गणेश म्हणणार, ती आजारी हाय, थोडी मुदत द्या. दोघांच्या हातात एकच मोबाईल, आणि तो बी तिचा. काढून घेतला. म्हणलं, तुमच्या कारखान्यात तुमच्या जागी मी बोलू का उद्या? तुमच्या सोसायटीत? गणेश म्हणला, आजी, सोमवारी तूच बसली होतीस की. म्हणलं, व्हय. म्हणूनच सांगते.

ता. २०, शुक्रवार, सकाळ

तिनं डोकं धुतलं. चांगली साडी. हाताला हळद लावलेली फोडांवर. खुर्ची पुसली, कंप्युटर बंदच, मोबाईल समोर. दार लावून घेतलं. आज लाव म्हणायला मीच गेले होते.

मी उंबऱ्याशी बसलेय, दाराला पाठ लावून. कंबरेला टेकू बी झाला आणि कुणी आत जाणार न्हाय. म्हशीला पाणी दाखवलं. मंदाला सांगितलं, भांडी आदळू नको.

दत्तू तीनदा येऊन गेला. माय, एक शब्द बोलू दे मला. म्हणलं, एक बी न्हाय. सर म्हणले काढलं, तर तिला म्हणले. सर म्हणले ठेवलं, तर तिला म्हणले. ती सोडते म्हणली तर तिचं, राहते म्हणली तर तिचं. आणि राहिली तर पुढच्या वारंगुळ्याला तू वाकायचं, गव्हाला पाणी मी देते.

गणेशनं रजा टाकलीय. बसलाय जात्यापाशी नखं खात.

अकराला पाच कमी.

वाजला.

दत्तू उठला. बस म्हणलं खाली. मंदा, तू बी. मी दातावर दात धरून बसलेय. कुणी दाराला हात लावायचा न्हाय, कुणी भिंतीतनं सांगायचं न्हाय. उत्तर पल्लवीनं द्यायचं.